कॅरेक्सची पाती पुन्हा पुन्हा तपकिरी पडतात : कुठून पाहायला सुरुवात करायची

बारमाही हिरवे राहणारे, गवतासारख्या पात्यांचे शोभेचे कॅरेक्स एकदा रुजले की फारसे बघावे लागत नाही, असे म्हणतात. बऱ्याच अंशी ते खरे आहे. तरी वर्षातून एकदा ठोंब तपकिरी पडायला लागते आणि मग ठरलेल्या दोन गोष्टी होतात. एक तर पाणी वाढवले जाते, नाही तर अख्खे ठोंब जमिनीलगत कापले जाते. तपकिरी पडून मेलेली कॅरेक्स उकरून पाहिली तर बऱ्याचदा मूळ दुखणे किरकोळ निघते. जीव घेतलेला असतो तो या दोन उपायांनी. म्हणून खालच्या तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन-चार फुकट आहेत आणि बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात. फावडे शेवटी लागते.

लक्षणे

नुसत्या तपकिरी रंगावरून काही कळत नाही. तो कुठून सुरू झाला यावरून बरेच कळते. झारी हातात घेण्याआधी ठोंबाशी उकिडवे बसा, दोन्ही हातांनी पाती बाजूला सारा आणि थेट बुडख्यापर्यंत पाहा. हातमोजे घालूनच, कारण कॅरेक्सच्या पात्याच्या कडेला बारीक दाते असतात आणि उलट्या दिशेने हात फिरवला की बोट चिरते.

– फक्त शेंडे वाळलेले, एक-दोन सेंटिमीटर, खाली पाते तजेलदार : साठलेले क्षार, पाण्याची अनियमितता किंवा कोरडा वारा.

– ठोंबाची एकच बाजू करपलेली : ऊन, किंवा भिंत-फरशीवरून परतणारी झळ. एकाच जागी गोल डाग जळालेला आणि त्याच्या भोवतीची पाती उलट जास्तच गर्द हिरवी असतील, तर ते कुत्र्याच्या लघवीचे काम.

– पिवळ्या किंवा पांढऱ्या पट्ट्याच्या जातीत पट्टाच कागदासारखा सुकलेला, हिरवा भाग शाबूत : जास्त ऊन.

– सर्वांत बाहेरची, जुनी पाती वाळलेली, आतली ताजी : वय. हा आजार नव्हे.

– मधला भाग वाळून पोकळ, कडेने हिरवे कडे : ठोंब जुने झाले, विभागणी राहून गेली.

– सगळे ठोंब एकदम निस्तेज, पाती मिटून अरुंद झालेली : पाण्याचा ताण, किंवा मुळकूज. वरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. गोंधळ होतो तो इथेच.

– पाते धरून हलके ओढले तर बुडख्यातून सुटून हातात येते, टोक काळपट, वास कुबट : कूज.

– नवीन पाती फिकट पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या : लोह मिळत नाही.

– पात्यावर फिकट बारीक ठिपके, जाळी, चिकटपणा, मुंग्यांची ये-जा : कीड.

– पात्यावरून बोट फिरवले की तांबूस पूड लागते : तांबेरा.

दोन लक्षणे एकत्र दिसली तर बुडख्याजवळचे लक्षण आधी धरा. शेंड्याचे दुखणे थांबू शकते, बुडख्याचे थांबत नाही.

पहिली तपासणी : ते खरेच आजारी आहे का?

हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण न्यूझीलंडमधून आलेल्या काही जातींचा मूळ रंगच तपकिरी असतो. कॅरेक्स बुकानानाय तांबूस-तपकिरी असते आणि तिचे शेंडे गोल वळलेले, सुकल्यासारखे दिसतात. तो तिचा स्वभाव आहे. कॅरेक्स कोमान्सची ब्राँझ रूपे आणि कॅरेक्स फ्लॅजेलिफेरा याच रंगाच्या. कॅरेक्स टेस्टासिया ऑलिव्ह-हिरवी असते आणि ऊन व थंडी मिळाली की नारिंगी होते. अशी धडधाकट ठोंबे ‘मेली’ म्हणून उपटून टाकली जातात.

ओळखायची रीत सोपी आहे. एक पाते मधोमध वाकवा. जिवंत पाते लवते आणि सोडले की परत येते. मेलेले कडकन मोडते. मग तेच पाते बुडख्यापाशी पाहा. तिथे दोन-तीन सेंटिमीटर भाग फिकट हिरवा किंवा पांढरट आणि ओलसर असेल तर फुटवा जिवंत आहे. ठोंबाच्या चार दिशांनी आणि मधून असे पाच फुटवे पाहा. पाचही जिवंत निघाले तर घाई करण्यासारखे काही नाही.

दुसरी शक्यता फुलांच्या दांड्यांची. फुले येऊन गेली की दांडे वाळतात आणि लांबून ठोंबच वाळल्यासारखे दिसते. ते बुडातून कापून टाका. कॅरेक्स पेंड्युलाचे दांडे दीड मीटरपर्यंत जातात आणि तिचे बी फार पडते, म्हणून तिच्या बाबतीत बी पिकायच्या आत कापा; नाहीतर पुढच्या वर्षी वाटेच्या फटीफटीतून तिचीच रोपे उपटत बसावे लागते.

आणि तिसरे, जे फार जण बघतच नाहीत : ठोंबात जे ताजे, चकचकीत हिरवे दिसते आहे ते कॅरेक्सच आहे ना? लव्हाळा याच कुळातला. त्याचाही दांडा तिकोनी, पानेही तीन रांगांत. तो कॅरेक्सच्या ठोंबात घुसला की वरून हिरवळ दिसते आणि खाली कॅरेक्स गुदमरते. कडक उन्हाळ्यात तर लव्हाळा हमखास जिंकतो, कारण त्याची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत उष्णतेला मानवणारी आहे, मक्याच्या जातीची. कॅरेक्सची तशी नाही, ती गारव्यात जोमाने वाढते आणि उकाड्यात थबकते. हिरवा फुटवा उपटून पाहा. खाली काळपट गाठ आणि तिच्यातून पुढे जाणारा दोरा लागला तर तो लव्हाळा. यावर तणनाशक वापरू नका. लव्हाळ्यासाठी मिळणारे हॅलोसल्फ्युरॉन लव्हाळावर्गीय झाडांना मारते, आणि कॅरेक्स त्याच वर्गातले. ठोंब उचलून, मुळे पाण्यात धुऊन, गाठी हाताने वेचणे हाच उपाय.

दुसरी तपासणी : ओल, आणि तीही गड्ड्याच्या आतली

बोट ५ ते ७ सेंटिमीटर खोल घाला. कुंडीच्या कडेला किंवा ठोंबाच्या बाजूच्या मातीत नव्हे. पात्यांच्या मधून, मुळांच्या गड्ड्यात. बोट जात नसेल तर लाकडी काडी खुपसा, दहा मिनिटांनी काढून पाहा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. रोपवाटिकेतली रोपे बहुतेक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) मिश्रणात वाढलेली असतात. ती तशीच्या तशी चिकणमातीत लावली की दोन वेगळी जगे तयार होतात. बाहेरची माती चिखल असते आणि आतला गड्डा ठणठणीत कोरडा. कोकोपीट, आणि पीट तर जास्तच, एकदा पूर्ण सुकले की पाणी धरत नाही. पाणी त्याच्या अंगावरून घसरून कडेने निघून जाते. झारीने रोज पाणी घातले, खालून वाहतानाही दिसले, तरी मुळे तहानलेलीच. अशा ठोंबाला ‘पाणी जास्त झाले’ असे समजून पाणी बंद केले जाते आणि ते खलास होते.

कुंडीतले असेल तर कुंडी उचलून पाहा. आकाराच्या मानाने हलकी लागली की गड्डा कोरडा आहे. कुंडी बादलीत कडेपर्यंत बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा. साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. मग काढून पूर्ण निथळू द्या. ताटलीत पाणी साठवून ठेवू नका. जमिनीतले असेल तर ठोंबाभोवती मातीचा आळा करा, काडीने गड्ड्यात सात-आठ ठिकाणी छिद्रे पाडा आणि तासाभराच्या अंतराने तीनदा थोडे थोडे पाणी द्या. एकदम ओतलेले पाणी बाहेरच्या मातीतच जाते.

गड्डा आतून ओला असेल आणि तरीही पाती मिटलेली असतील, तर पाणी ताबडतोब थांबवा. मुळे पाणी घेत नाहीत, म्हणजे ती सडत आहेत किंवा सडलेली आहेत. मधल्या तपासण्या सोडून थेट सहाव्या तपासणीवर जा.

रोजचा नियम म्हणाल तर वाफसा. बोटाला गारवा लागावा, चिखल लागू नये. ‘दिवसाआड एक तांब्या’ असले वेळापत्रक कॅरेक्सला लावू नका. पाणी किती उडते हे ऊन, वारा आणि कुंडीच्या आकारावर ठरते, आणि हे तिन्ही बदलत राहतात.

तिसरी तपासणी : ऊन आणि झळ

फक्त एक दिवस, दुपारी बारा ते चार, दर तासाला ठोंबावर ऊन आहे की सावली एवढे लिहून ठेवा. अंदाजाने सांगू नका. सकाळी सावलीत दिसणारी जागा दुपारी तापलेल्या भिंतीसमोर येते.

कॅरेक्स ओशिमेन्सिस, म्हणजे ‘एव्हरगोल्ड’, ‘एव्हरेस्ट’, ‘एव्हरिलो’ ही मंडळी, आणि कॅरेक्स मॉरोवियाय, म्हणजे ‘आइस डान्स’ वगैरे, जपानमधल्या जंगलातल्या जातींपासून आलेली आहेत. यांना सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली हवी. पट्ट्याच्या फिकट भागात हरितद्रव्य कमी असते, म्हणून आधी तोच भाजतो. न्यूझीलंडच्या टेस्टासिया, कोमान्स, फ्लॅजेलिफेरा यांना ऊन चालते, किंबहुना रंगासाठी लागतेच. मात्र मुळाशी ओल हवी. टेस्टासिया गर्द सावलीत हिरवट होऊन पसरते, त्याला आजार समजू नका. ‘एव्हरिलो’चे दुखणे दोन्हीकडून आहे : कडक उन्हात करपते आणि गडद सावलीत तिचा पोपटी-पिवळा रंग जाऊन साधी हिरवी होते. झाडाखालची विरळ सावली तिला बरोबर मानवते.

जागा चुकीची निघाली तर कुंडी सरकवा. जमिनीतले ठोंब मात्र भर उन्हाळ्यात उचलू नका. तोपर्यंत ५० टक्के सावलीच्या जाळीचा तुकडा काठ्यांवर बांधा. भिंतीपासून अर्धा मीटर पुढे असलेले ठोंब भिंतीला चिकटलेल्या ठोंबापेक्षा फार कमी भाजते, हेही लागवडीच्या वेळी ध्यानात ठेवा. करपलेले पाते परत हिरवे होत नाही. सुधारणा पाहायची ती नव्या पात्यांत.

चौथी तपासणी : जुनी पाती आणि चुकलेली कापणी

पाने गळणारी गवते दरवर्षी बुडातून कापतात, म्हणून तोच नियम कॅरेक्सला लावला जातो. बारमाही हिरव्या जातींना तो लागू नाही. ही झाडे अन्न बनवण्यासाठी वर्षभर पानांवरच अवलंबून असतात. सगळी पाने एका दिवसात काढली तर फुटव्यांना उभे राहायला बळ उरत नाही. न्यूझीलंडच्या जाती तर कित्येकदा परत फुटतच नाहीत. कापायचेच असेल तर उंचीच्या अर्ध्यापेक्षा खाली कात्री नेऊ नका, आणि तेही नवी वाढ सुरू व्हायच्या तोंडावर.

खरे तर कात्रीपेक्षा विंचरणे बरे. रबरी पकडीचे मोजे घालून बोटे बुडख्यापासून शेंड्याकडे ओढत न्या, केस विंचरावेत तशी. वाळलेली पाती आपोआप हातात येतात, जिवंत राहतात. मध्यम ठोंबाला पाच-सात मिनिटे लागतात. हे वर्षातून एकदा केले तरी ठोंबात हवा खेळते आणि बुडख्याशी ओला कचरा साठत नाही. कूज सुरू होते ती या कचऱ्यातच.

शेंडे कापण्याबद्दल एक गोष्ट समजून घ्या. कॅरेक्सचे पाते बुडाकडून वाढते. शेंडा हा पात्याचा सर्वांत जुना भाग, तो कापला की पुन्हा येत नाही आणि कापलेल्या जागी बारीक तपकिरी रेघ राहतेच. त्यामुळे हिरव्या भागात कापण्याऐवजी तपकिरी भागातच, हिरव्याला न शिवता, तिरके कापा. दिसायला बरे, आणि नवी जखम नाही. पण शेंडे कापून कारण जात नाही, तेव्हा पुढे वाचा.

पाचवी तपासणी : क्षार, खत आणि लोह

कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी पापडी दिसते का? पाते पाणी उडवते आणि पाण्यातला क्षार शेंड्याशी मागे राहतो, म्हणून पहिला शेंडा जळतो. क्षार येतो तीन वाटांनी : जड पाणी, जास्त खत, आणि न धुतलेले कोकोपीट. तिसऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. कच्च्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. वापरण्याआधी ते भरपूर पाण्यात भिजवून दोन-तीनदा पिळून टाकावे.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, असेल तर पाणी मोजा. सिंचनासाठी लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या आतले पाणी निर्धोक धरतात. ४५० ते २००० म्हणजे जपून, आणि त्यावर गंभीर. कुंडीत निचऱ्याची वाट एकच असल्याने क्षार जमिनीपेक्षा लवकर साठतात, म्हणून कुंडीसाठी पहिली मर्यादा जरा कडकच पाळा. मीटर असल्यास आणखी एक करा : कुंडीत घातलेले पाणी आणि खालून निघालेले पाणी, दोन्ही मोजा. निघालेल्या पाण्याचा आकडा कितीतरी जास्त आला तर मातीत क्षार बसलेला आहे.

उपाय म्हणजे मातीची धुलाई. कुंडीत जेवढी माती आहे त्याच्या दुप्पट पाणी, म्हणजे १० लिटरच्या कुंडीला २० लिटर, सावकाश, दोन-तीन हप्त्यांत घाला आणि सगळे निथळून जाऊ द्या. पावसाचे पाणी मिळाले तर उत्तम. पापडी आधी खरवडून टाका, नाहीतर तीच विरघळून परत आत जाते. निचरा धड नसलेल्या कुंडीत मात्र ही धुलाई करू नका. क्षार जाणार नाही, मुळे तेवढी बुडतील.

खताची कॅरेक्सला भूक कमी. वाढ सुरू होताना एकदा हळू विरघळणारे खत, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मे. किंवा ठोंबाभोवती दोन-तीन सेंटिमीटर कुजलेले कंपोस्ट, बुडख्याला न चिकटवता. सुकलेल्या ठोंबाला ‘ताकद यावी’ म्हणून खत घालणे हा जळत्या शेंड्यांवरचा सर्वांत उलटा उपाय.

नवीन पाती पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर मातीचा सामू (पीएच) पाहा. चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात लोह असते, पण झाडाला घेता येत नाही. अशा मातीत फेरस सल्फेट टाकले तर तेही लवकरच बांधले जाते. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधले जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेले लोह, टिकते. मात्रा पाकिटावर असेल तेवढीच, आणि फरक जुन्या पात्यांत नव्हे, नव्या पात्यांत दिसतो.

कीड आणि तांबेरा इथेच पाहून घ्या

पात्यांखाली पांढरा कागद धरा आणि ठोंब झटका. कागदावर हलणारे ठिपके म्हणजे लाल कोळी. कोरड्या, तापलेल्या जागेत येतो. मुंग्या दिसल्या तर पात्यांच्या खोबणीत मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, पात्यांच्या खालच्या अंगाने, तीन दिवस रोज सकाळी. न आटोपल्यास लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि १ ते २ मिलिलिटर सौम्य द्रवसाबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. आधी चार पात्यांवर मारून दोन दिवस थांबा. पिठ्या ढेकूण बुडख्याच्या आत असेल तर फवारा पोचत नाही. पाती फाकवून स्पिरिटचा बोळा लावावा लागतो.

तांबेऱ्याची पाती कापून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणी पात्यांवरून न घालता बुडाशी आणि सकाळी घाला. ठोंबांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर असेल तर तो सहसा फार पसरत नाही.

सहावी तपासणी : उकरून मुळे पाहणे

इथपर्यंत काही सापडले नाही, किंवा ओल्या मातीत पाती मिटत आहेत, तर कुंडी पालथी करा. जमिनीत असेल तर ठोंबाच्या एका बाजूने खुरप्याने १५ सेंटिमीटर खोल पाचर काढा.

निरोगी मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असतात. सडलेल्या मुळाची साल चिमटीत धरली की सुटून येते आणि आत केसासारखा धागा उरतो. सडका भाग निम्म्याहून कमी असेल तर धारदार कात्रीने कापा, पाती एक-तृतीयांश कमी करा, ताज्या मिश्रणात लावा : २ भाग चांगली माती, १ भाग कुजलेले कंपोस्ट, १ भाग पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा भरड वाळू. निम्म्याहून जास्त सडले असेल तर कडेचे घट्ट मुळांचे फुटवे तेवढे वाचवा, बाकी टाका. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

बुडखा किती खोल आहे तेही आत्ताच पाहा. पाती जिथून फुटतात तो भाग मातीच्या पातळीत हवा. वरून भर टाकता टाकता, आच्छादन घालता घालता तो तीन-चार सेंटिमीटर गाडला जातो आणि सतत ओला राहून कुजतो. हे फार वेळा आढळते, आणि उपाय म्हणजे नुसती माती बाजूला सारणे. कुंडीच्या तळाशी खडे घातले असतील तर काढा. त्यांनी निचरा सुधारत नाही. पाणी खड्यांच्या वर मातीतच अडकते आणि ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो.

मुळांत पांढरट, बाकदार अळ्या मिळाल्या तर पाय मोजा. तीन जोड्या पाय असलेली हुमणी; पाय नसलेली, तपकिरी डोक्याची असेल तर ती सोंड्या भुंगेऱ्याची. दोन्ही मुळे कुरतडतात आणि ठोंब हाताने हलवले की डुगडुगते. माती पूर्ण झटकून अळ्या वेचा, मुळे धुवा, नव्या मातीत लावा.

जमिनीचा निचरा तपासायला ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या. एकदा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या, मग परत भरा आणि पट्टी लावून पाहा. दुसऱ्या वेळी तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरले तर जागा कॅरेक्सला जड आहे. चिकणमातीत थोडी वाळू मिसळून भागत नाही, माती आणखी घट्ट होते. कंपोस्ट मिसळून १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा.

सातवी तपासणी : ठोंब म्हातारे झाले आहे का?

मध्य पोकळ असेल आणि मुळे निरोगी असतील तर विभागणी. हे सर्वांत कष्टाचे काम आणि चुकीच्या वेळी केले तर सर्वांत महागात पडणारे. वेळ एकच : नवी वाढ सुरू झाल्यावर लगेच. कडक थंडीत किंवा कडक उन्हात मुळे नवी फुटत नाहीत आणि तुकडे तसेच बसून सडतात किंवा सुकतात.

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. ठोंब पूर्ण उचला, माती धुऊन टाका म्हणजे सांधे दिसतील. हाताने ओढून सुटत नसेल तर दातेरी सुरीने कापा. प्रत्येक तुकड्यात किमान सहा-आठ फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळे हवीत. दोन-तीन फुटव्यांचे बारके तुकडे जगतात कमी आणि भरायला वर्षे घेतात. मधला लाकडासारखा भाग टाकून द्या. पाती एक-तृतीयांश कापा, बुडखा मातीच्या पातळीत ठेवून लावा, दोन-तीन आठवडे सावलीत वाफसा सांभाळा.

‘आइस डान्स’ जमिनीखालून धुमारे सोडत पसरते, तिचे तुकडे सहज लागतात. ओशिमेन्सिस हळू, पण खात्रीने. कोमान्स आणि बुकानानाय यांची मात्र फोड करण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे मत. त्या मुळातच अल्पायुषी, तुकडे हट्टी, आणि आजूबाजूला स्वतःच्या बियांची रोपे टाकतात. त्यांतली दोन चांगली उचलून जुने ठोंब काढून टाकावे. ‘एव्हरगोल्ड’सारख्या पट्ट्याच्या जातींचे हे चालत नाही, त्यांच्या बियांतून पट्टे येतीलच असे नाही. पट्ट्याच्या ठोंबात निव्वळ हिरवे फुटवे दिसले तर तेही या वेळी मुळासकट काढा. ते जास्त जोमाचे असतात आणि चार-सहा हंगामांत पट्ट्यांना झाकून टाकतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही दुखणी घरच्या घरी ओळखता येत नाहीत, आणि प्रयोग करत बसलात तर पसरतात.

एकाच वाफ्यातली तीन-चार ठोंबे दोन-तीन आठवड्यांत पाठोपाठ बसली, बुडख्याशी पांढरे बुरशीचे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर उकरणे बंद करा. खुरपे, बूट, माती यांवरून ती बुरशी बागभर जाते. नमुना वनस्पतिरोग प्रयोगशाळेत पाठवा आणि निदान होईपर्यंत त्या वाफ्यात काही लावू नका. आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारे) बुरशीनाशक अंदाजाने ओतू नका; मुळकुजीच्या वेगवेगळ्या बुरश्यांना वेगवेगळी औषधे लागतात आणि चुकीचे औषध काहीच करत नाही.

निचऱ्याच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर तो बागकामाचा प्रश्न राहिला नाही. खाली कडक थर, गळणारा नळ किंवा तुंबलेली वाहिनी असू शकते; गच्चीवरच्या वाफ्यात असे झाले तर आधी जलरोधक थर तपासून घ्या, झाडाचे नंतर पाहता येईल.

एकाच दिशेची वेगवेगळी झाडे, कॅरेक्ससह, एकदम पिवळी-वेडीवाकडी झाली तर तणनाशकाचा वारा लागला असण्याची शक्यता धरा. फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव मिळवूनच तज्ज्ञाकडे जा. आणि धुलाई करूनही निथळलेल्या पाण्याचा आकडा उतरत नसेल तर माती आणि पाणी दोन्ही तपासणीला द्या, एकट्या मातीवरून कारण लागत नाही.

नमुना देताना पूर्ण मेलेले ठोंब नेऊ नका, त्यावर नंतरच्या बुरश्याच सापडतात. अर्धे आजारी, अर्धे हिरवे ठोंब मुळांसकट आणि मूठभर मातीसकट उचला, मुळे धुऊ नका, गड्डा ओल्या नव्हे तर किंचित दमट कागदात गुंडाळा, वर सैल पिशवी बांधा आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत एका कागदावर लिहा : जात, लावल्याची वेळ, पाणी कधी आणि किती, शेवटचे खत व औषध, आणि तपकिरी रंग पहिल्यांदा कुठे दिसला.